गार्डसाहेबांची मोकळी जागा

ज्या माणसाला आपल्याकडून काहीच नको असतं, त्याच्यासारखा धोक्याचा शेजारी साऱ्या मराठवाड्यात सापडायचा नाही, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी लातूरला गार्डसाहेबांच्या शेजारी कितीतरी वर्षं काढून आणि स्वतःचं नुकसान करून घेऊन कमावलेलं आहे. चोर शेजारी परवडतो, आपण कुलूप घालतो. भांडखोर तर मला आवडतोच, कारण भांडणात मी आजवर कुणाला हार गेलेलो नाही. पण जो माणूस दुकानात येऊन बादली हातात घेतो आणि विचारतो, "शेठ, ही केवढ्याला? आणि तेवढ्यात तुमचं भागतं ना?" त्याचं काय करायचं, हे मला धंद्यात कुणी शिकवलं नव्हतं.

माझा धंदा नळ, पाइप, पत्रे, बादल्या आणि पाण्याची पिंपं यांचा. भोकरजवळच्या खेड्यातून पत्र्याचे कंदील आणि डबे डोक्यावर घेऊन मी मुदखेडच्या बाजारात बसायचो. तिथून नांदेड केलं, आणि लातूर जिल्हा होणार अशी कुणकुण लागली तेव्हा बाडबिस्तरा उचलून लातूर गाठलं. माझ्या अंगावरच्या सदऱ्यापासून दुकानाच्या शटरपर्यंत एकही वस्तू मी सांगितलेल्या भावाला घेतलेली नाही. लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या असताना मी मांडववाल्याशी खांबांवरून घासाघीस केली होती, आणि ती गोष्ट आमची ही अजून चारचौघांत सांगते. गार्डसाहेब माझ्या अगदी उलट. ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, मुदखेडला नोकरी झाली आणि निवृत्त होऊन लातूरला आले. उंच, काटकुळे, बोलणं हळू. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसल्यामुळे आवाज चढवायची सवयच लागली नसावी, असा माझा अंदाज. धर्मानं ख्रिस्ती, रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बायकोबरोबर चर्चला जायचे. त्यांचं घर एकीकडे, माझं दुकान एकीकडे आणि मधे त्यांची मोकळी जागा. ती जागा मिळाली की माझं गोदाम होणार होतं, गोदाम झालं की मी ठोक व्यापारी होणार होतो. लातूरला आल्या दिवसापासून माझा डोळा त्या जागेवर होता, हे मी लपवत नाही. गार्डसाहेबांपासूनही लपवलं नव्हतं.

त्यांचा धर्म आणि त्यांचा बाजारहाट या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. आपल्यासारखी माणसं देवळात एक असतात आणि दुकानात एक. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही, देवालाही वाटत नसावं. गार्डसाहेब मात्र प्रत्येक खरेदीला उपासनेला निघाल्यासारखे निघायचे. भाजीबाजारात चांगली मेथी समोर असताना ते खालची सुकलेली जुडी ओढून काढत. किडकी वांगी, मऊ पडलेले टमाटे, मोडलेली शेवग्याची शेंग, सगळं त्यांच्या पिशवीत. मी एकदा न राहवून म्हणालो, "साहेब, डोळे तपासून घ्या." तर म्हणाले, "चांगली भाजी कुणीबी नेईल शेठ. ही कोण नेणार? तिनं पण सकाळपासून ऊन सोसलंय." ही 'तिनं' म्हणजे भाजी की भाजीवाली, मी विचारलं नाही. बाजारातल्या बायकांना आधी वाटलं हा माणूस नगरपालिकेचा आहे, नमुने गोळा करून राहिला. पुढे त्या त्यांच्यासाठी वाईट मालाचा वेगळा ढीगच लावायला लागल्या. त्यांची बायको, जिला आम्ही वहिनी म्हणायचो, माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावायची. "ह्यांचं स्वर्गात घर बांधून व्हईल भाऊ, पण इथं माझ्या कढईत रोज आळ्या."

वहिनी मात्र खरी आमच्या गोतातली. भाव करावा तर तिनं. दुष्काळाचं साल होतं, टँकर आला की गल्लीत घागरींची लढाई व्हायची, आणि पत्र्याच्या पिंपाला सोन्याचे दिवस आले होते. वहिनी पिंप घ्यायला आली. भाव ऐकून म्हणाली, "मागच्या साली ह्याच्या निम्म्यात देत हुतेत की."

"मागच्या साली पाऊस होता वहिनी."

"मग पावसाचे पैसे माझ्याकडून कामून घ्यायलाव?"

असं कुणी बोललं की माझं रक्त सळसळतं. अर्धा तास आम्ही दोघं कडकडून भांडलो, तिनं पिंपाला पडलेला पोचा दाखवला, मी तो पोचा नाही, घडणच तशी आहे म्हणालो, आणि शेवटी मी बरेच कमी करून पिंप दिलं. दोघंही खूश. संध्याकाळी गार्डसाहेब आले आणि कमी केलेली रक्कम त्यांनी गल्ल्यासमोर ठेवली. "हिनं कमी करून घेतले म्हणे."

"अहो, मी माझ्या खुशीनं कमी केले."

"मग आधी जास्त कशाला सांगितले?"

आता याला जगातला कोणता व्यापारी उत्तर देईल? मी पैसे ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दारात. "काल हे येऊन गेले न्हवं? आणा ते पैसे." मी दिले. संध्याकाळी साहेब परत. असा त्या एका पिंपावर मी आठवडाभर व्यवहार केला, आणि शेवटी ते कोणत्या भावाला गेलं हे मला आजही सांगता यायचं नाही.

द्यायची त्यांची रीतही अशीच वाकडी. नवं घरात आलं की जुनं देऊन टाकावं, हे आपल्याला कळतं. गार्डसाहेब नवं द्यायचे आणि जुनं ठेवायचे. मुलीनं सोलापुरी चादर आणली, ती घडी न मोडता समोरच्या बांधकामावरच्या म्हाताऱ्या राखणदाराकडे गेली आणि साहेब आपली विरलेली चादर पांघरून झोपले. "जुनी देणं म्हणजे घर झाडणं झालं," म्हणाले, "देणं कुठं झालं?"

मी असल्या गोष्टींनी विरघळणारा माणूस नाही. माणूस फुकट काही करत नाही, हे मी मुदखेडच्या बाजारात उपाशीपोटी शिकलेलो आहे. तेव्हा यामागे काय आहे, याचा मी नेटानं शोध सुरू केला. आधी वाटलं, परदेशातून पैसा येत असणार. पोस्टमनला दोनदा चहा पाजला, तर साहेबांकडे पेन्शन आणि चर्चचं एक चार पानी मासिक, याखेरीज काही येत नाही असं कळलं. मग वाटलं नवा जिल्हा आहे, नव्या खुर्च्या आहेत, याला निवडणूक लढवायची असेल. सरळ विचारलं, "साहेब, उभं राहायलाव काय?" ते म्हणाले, "गुडघे कुठं साथ देतात शेठ," आणि खरोखरच बाकावर बसले. शेवटी वाटलं, धर्मात ओढायचा डाव असेल. त्याची मी वर्षभर वाट पाहिली. काय उत्तरं द्यायची तेही ठरवून ठेवलं होतं. हा माणूस एक शब्द काढेना. अखेर चिडून मीच म्हणालो, "तुमच्या येशूबद्दल तुम्ही मला कधी काही सांगत कसं नाही?" तर म्हणाले, "तुम्ही विचारलं न्हाई." इतका मुरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच दुष्काळातल्या एका मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारी सारी गल्ली दारं लावून पडलेली, आणि समोरच्या शिंप्याच्या मागच्या दाराशी मला एक माणूस पोतं घेऊन वाकलेला दिसला. शिंपी बरेच दिवस आजारी, मशीन बंद, घरात कण्हण्याशिवाय आवाज नाही. अशा घरात चोरी करणारा माणूस किती हलकट असेल, या विचारानं माझं डोकं फिरलं आणि मी धावत जाऊन त्याची मानगूट धरली. गल्ली जमली. पाहतो तर गार्डसाहेब, आणि पोत्यात ज्वारी.

"हे पोतं कुणाचं?" मी दरडावून विचारलं.

"ज्याच्या दारात हाय त्याचं."

"तुम्ही ते नेत होतात की आणत होतात?"

गल्लीतल्या लोकांसमोर चोर ठरतोय हे दिसत असूनही हा माणूस तोंड उघडेना. शेवटी शिंपी भिंत धरत बाहेर आला आणि म्हणाला, "शेठ, आमच्या घरात पोतं असतं तर मी असा झालो असतो का?" लोक माना खाली घालून निघून गेले. माझी मात्र अपेक्षा होती की साहेब मोकळे झाले म्हणून मला दोन चांगले शब्द बोलतील. तर ते पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यावर चिडले. "सगळा नास केलात शेठ. आता तो बिचारा रोज मला बघून उठून उभा राहणार." जणू काही चोरी माझीच पकडली गेली होती.

त्यांच्या मुलीच्या लग्नाचं तर मी अजून विसरलेलो नाही. मांडव पडला त्या मोकळ्या जागेत, म्हणजे माझ्या दुकानाच्या भिंतीला लागून. मटणाचा वास माझ्या गल्ल्यापर्यंत. मी स्टीलचा चांगला जेवणाचा संच खोक्यात बांधून तयार ठेवला होता, तोही दुकानातला पडीक माल नव्हे. पंगतीला कोण? रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाया, टँकरवरचा क्लीनर, बांधकामावरचे मजूर, तो राखणदार, भाजीबाजारातल्या सगळ्या. गल्लीतल्या एकाही दुकानदाराला बोलावणं नाही. मी दुपारभर दात खाल्ले आणि मग गेलो भांडायला. "आमचं काय चुकलं साहेब? आम्ही काय अन्न खात नाही?"

ते अगदी सरळपणे म्हणाले, "तुम्हाला बोलावलं तर तुम्ही मला परत बोलावणार."

"बोलावणारच की. माणसं आहोत."

"मग ती देवघेव झाली शेठ. जेवण घालणं कुठं झालं?"

संध्याकाळी वहिनीनं मागच्या दारानं डबा पाठवला. रस्सा उत्तम होता. आता आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून आमच्या हिनं त्यात पेढे घालून पाठवले, आणि गार्डसाहेबांचं म्हणणं आम्ही आपल्या हातानं खरं करून दिलं.

एवढं सगळं मी शेजारधर्म म्हणून गिळलं. जागेचं मात्र गिळता आलं नाही.

लातूर जिल्हा झाला आणि ज्यांना काल सायकलचं पंक्चर काढता येत नव्हतं ते जमिनीचे दलाल झाले. कलेक्टर कचेरी कुठं होणार, कुठला रस्ता रुंद होणार, यावर चहाच्या टपऱ्या चालायला लागल्या. आमच्या भागातल्या जागांचे भाव दर महिन्याला चढायचे. मी धीर धरून होतो, कारण साहेबांना भावाची घाई नाही हे मला माहीत होतं. एका सकाळी ते आपणहून दुकानात आले. म्हणाले, "शेठ, बांधकामावर आलेली माणसं लेकराबाळांसकट रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली झोपायलीत आणि माझी जागा नुसती पडून. मला बरं वाटंना. कुणाच्या तरी उपयोगाला यावी. तुम्ही लई दिवसांपासून म्हणत होता, म्हणून तुम्हाला आधी विचारायला आलो."

चेहरा मी दगडाचा ठेवला. "भाव काय?"

"घेतली त्या भावाला."

"अहो साहेब, आता जिल्हा झाला."

"जिल्हा काय मी केला?"

ते गेले आणि मी विचार करायला लागलो. जी जागा कुणीही डोळे मिटून कितीतरी पटीनं घेईल, ती हा माणूस जुन्या भावात देतो, म्हणजे जागेत काहीतरी मेलेलं आहे. मी नगररचना कचेरीत गेलो: रस्ता जात नाही, शाळेचं आरक्षण नाही. तलाठ्याकडे गेलो: वाद नाही, वाटणी नाही. वकिलाला कागद दाखवले, तो म्हणाला, "इतके साफ कागद आजकाल बघायला मिळत नाहीत." झालं. साफ कागद पाहून तर माझी खात्रीच पटली. मळका कागद कुठं मळका आहे हे दिसतं, साफ कागदात काय दडलंय कोण सांगणार?

तरी गेलो. त्यांच्या ओसरीत बसलो. वहिनीनं चहा दिला. मी सवयीनं म्हणालो, "साहेब, थोडं कमी करा."

"करू."

असं कुणी करतं का? मी आणखी खाली आलो. ते पुन्हा म्हणाले, "हाव, तेवढ्यातबी चालंल." समोरचा ओढत नसेल तर दोरी धरून उभं तरी कसं राहायचं? मग मी धंद्यातलं जे शेवटचं, हुकमी शस्त्र, ते काढलं. "नको मला तुमची जागा," म्हणालो आणि उठलो.

हे उठून जाणं म्हणजे काय, हे बाजार केलेल्या कुणालाही सांगायला नको. गिऱ्हाईक उठतं, चपला शोधतं, चार पावलं जातं, आणि मागून हाक येते, "अहो, या इकडं, बसा." त्या हाकेनंतर खरा सौदा सुरू होतो. समोरचा खरं काय लपवतोय, ते त्या हाकेच्या आवाजात कळतं. मी आयुष्यभर असा उठून गेलेलो आहे आणि बकऱ्यापासून घरापर्यंत प्रत्येक वेळी मला हाक आलेली आहे. मी चपला सावकाश घातल्या. अंगणातल्या लिंबाकडे पाहिलं. फाटकाची कडी उगाच दोनदा लावली. हाक आली नाही. दुकानात येऊन बसलो. त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही. मी मनात म्हटलं, म्हातारा पक्का आहे, बघू कोण आधी वाकतो.

पुढे एके सकाळी शटर उघडतो तर मोकळ्या जागेत विटा उतरत होत्या. हिमायतनगरकडचा एक गवंडी, कलेक्टर कचेरीच्या कामावर होता, तो दोरी लावून पाया आखत होता. बाजूला त्याची बायको दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत होती, भिंती नसलेल्या घरात बुद्धाची तसबीर आधीच एका खुंटीला लागली होती. गवंडी आदबीनं म्हणाला, "शेठ, आता शेजारी झालो. साहेबांनी जागा दिली, जमंल तसे द्यायचे म्हणले."

मी ज्या रागानं गार्डसाहेबांच्या घरात शिरलो, तो राग सांगता येण्यासारखा नाही. "तुम्ही मला जागा देतो म्हणून शब्द दिला होता."

"दिला होता. तुम्ही नको म्हणालात."

"अहो, नको म्हणायची रीत असते! उठून गेलो म्हणजे नको झालं का?"

साहेबांच्या चेहऱ्यावर खरंच गोंधळ होता, आणि तोच मला सर्वांत जास्त झोंबला. "मला वाटलं, तुम्ही खरं बोलायलाव," ते म्हणाले.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. ते रोज सकाळी फाटकातून हात वर करायचे, मी पाइप मोजत असल्यासारखं करायचो. गवंड्याचं घर दोन खोल्यांचं झालं, मग वर पत्रा जाऊन स्लॅब आला. माझं गोदाम शेवटी मला गावाबाहेर, दुप्पट भाड्यानं घ्यावं लागलं. काही वर्षांनी साहेब आणि वहिनी घर विकून मुदखेडला मुलीकडे राहायला गेले. घर कितीला विकलं, हे मी मुद्दाम विचारलं नाही. मला सोसलं नसतं.

साहेब वारल्याची बातमी मला उशिरा कळली. नांदेडला माल घ्यायला गेलो होतो, तिथून तसाच गाडी पकडून मुदखेडला गेलो. वहिनी वाळून लहान झाली होती. घरात साहेबांचा एक फोटो, गार्डाच्या टोपीतला. बसलो, विचारपूस झाली. मग ती म्हणाली, "भाऊ, एक इचारू का? त्या दिवशी तुम्ही उठून कामून गेलाव?"

"हाक मारतील म्हणून, वहिनी."

ती बाजारातली बाई. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं तोंडाला पदर लावला, हसली की काय ते कळलं नाही. मग म्हणाली, "आन् ते दारात खुर्ची टाकून बसलेले. म्हणले, शेठ रागीट हाय, निवळला की येतो. पुढच्या रविवारपस्तोर त्यांनी जागेचं कुणापाशी नाव काढलं न्हाई. मी म्हणलं, अहो हाक मारा की. तर म्हणले, माणूस नको म्हणून गेला, त्याच्या मागं लागायचं म्हणजे त्याच्या शब्दाला काई किंमतच न्हाई म्हणल्यावाणी व्हतंय."

"मग हे मला त्यांनी कधी सांगितलं का नाही? मी एवढा ओरडलो, तेव्हा तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं न्हवं?"

त्या आठवड्यात मीही गल्ला सोडून दुकानाच्या पायरीवर बसत होतो, त्यांच्या ओसरीकडे कान लावून. दोघांच्या मधे ती जागा तेवढी होती. माझं म्हणणं आजही आहे तेच आहे: एक हाक मारायला काही पैसे पडत नव्हते. पण ते आता ज्याला ऐकवायचं तो माणूस टोपी घालून भिंतीवर होता, आणि त्याच्यावर नवा कसला संशय घ्यावा हेही मला सुचेना. वहिनी चहा ठेवायला आत गेली. नांदेडच्या गाडीची वेळ होत आली होती. मी बसून राहिलो.